थांबण्याचे वेळापत्रक

सप्टेंबर २०१४ च्या शेवटच्या आठवड्यात ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या अनेक ग्राहकांना सूचना आली की तुमची अमुक मशीन्स येत्या काही दिवसांत रीबूट केली जातील. वेळ ॲमेझॉनने ठरवलेली होती आणि नेमके कारण दिलेले नव्हते. एकूण मशीन्सपैकी दहा टक्क्यांहून कमी मशीन्सचा हा प्रश्न होता, तरी ज्यांची मशीन्स त्यात सापडली त्यांची धावपळ उडाली. १ ऑक्टोबरला कारण जाहीर झाले. झेन नावाच्या ज्या सॉफ्टवेअरच्या आधारे ही मशीन्स चालत, त्यात असा दोष सापडला होता की एका ग्राहकाच्या मशीनला शेजारच्या ग्राहकाच्या मशीनची मेमरी वाचता आली असती. हे आधी सांगितले असते तर चोराला वाट दाखवल्यासारखे झाले असते, म्हणून आधी दुरुस्ती झाली आणि मग खुलासा. या घटनेत नेटफ्लिक्सचा अनुभव बोलका आहे. कॅसान्ड्रा या डेटाबेससाठी त्यांची २,७०० हून अधिक मशीन्स कामावर होती. त्यांपैकी २१८ रीबूट झाली आणि २२ नीट परत सुरूच झाली नाहीत. तरीही प्रेक्षकांना काही कळले नाही, कारण नेटफ्लिक्स आधीपासूनच आपली मशीन्स मुद्दाम, अचानक बंद पाडून पाहत असे. त्यासाठी त्यांनी केओस मंकी नावाचा प्रोग्रामच लिहून ठेवला होता. इतरांना जे संकट वाटले, ते त्यांच्यासाठी रोजच्या सरावापैकी एक होते. ‘आमचा सर्व्हर तीन वर्षांत एकदाही बंद झालेला नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. तीन वर्षांत बंद न केलेले मशीन बंद केल्यावर पुन्हा सुरू होईल की नाही, हे कोणालाच माहीत नसते. भरवसा ठेवायचा तो ठरवून थांबवता येणाऱ्या आणि ठरल्या वेळी परत येणाऱ्या मशीनवर.

आधी या मशीनचा अर्थ पाहू. डेटा सेंटरमध्ये एक मोठा, खराखुरा संगणक असतो, त्याला होस्ट म्हणतात. सॉफ्टवेअरच्या मदतीने त्याची मेमरी, प्रोसेसर आणि साठवण वाटून देऊन त्यावर अनेक स्वतंत्र संगणक उभे केले जातात. ही व्हर्च्युअल मशीन्स. प्रत्येकावर विंडोज किंवा लिनक्ससारखी वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम असते आणि भाड्याने घेणाऱ्याला ते स्वतःचे पूर्ण मशीनच वाटते. ही जागा आपल्यापासून फार दूर नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेचे ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली केंद्रे सुरू केली. आपण मोबाइलवर तिकीट काढतो, विम्याचा हप्ता भरतो किंवा निकाल पाहतो, तेव्हा अशाच एखाद्या मशीनशी आपला व्यवहार चाललेला असू शकतो. या रचनेत दुरुस्तीचे दोन मजले असतात. खालचा मजला, म्हणजे होस्ट आणि त्यावरचे वाटप करणारे सॉफ्टवेअर, ही क्लाउड कंपनीची जबाबदारी. वरचा मजला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधली ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्यावर चालणारे प्रोग्राम, ही भाडेकरूची. ‘क्लाउडवर टाकले म्हणजे सगळे तेच बघतात’ हा समज इथेच चुकतो. होस्टचा दोष कंपनी दुरुस्त करील, पण तुमच्या मशीनमधले विंडोज अद्ययावत आहे का, हे पाहायला तिथे सहसा कोणी येत नाही. ते तुम्ही करायचे, किंवा कधी आणि कसे करायचे याचा नियम ठरवून कंपनीच्या साधनावर सोपवायचे.

खालच्या मजल्यावरची दुरुस्ती आता बरीच शहाणी झाली आहे. गूगलने २०१३ पासून चालते मशीन एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर न थांबवता हलवण्याची पद्धत वापरात आणली. अझूरमध्ये अनेक दुरुस्त्यांच्या वेळी मशीन बंद होत नाही, तर मेमरी जशीच्या तशी राखून काही क्षण गोठवले जाते. बहुतेक वेळा हा विराम दहा सेकंदांहून कमी असतो, क्वचित तीस सेकंदांपर्यंत जातो. रीबूट अटळ असेल तर ग्राहकाला आधी कळवतात आणि साधारण ३५ दिवसांची मुदत देतात. या काळात सोयीचा दिवस बघून ग्राहकाने स्वतःच दुरुस्ती उरकून घ्यावी, न उरकल्यास पुढे कंपनी आपल्या वेळेला करील. मशीनमधल्या प्रोग्रामलाही रीबूटच्या किमान पंधरा मिनिटे आधी इशारा मिळू शकतो, म्हणजे हातातले काम पुरे करून नवी कामे दुसऱ्या मशीनकडे वळवायला त्याला सवड मिळते. एकच काम करणारी अनेक मशीन्स असतील तर ती गटांत विभागली जातात. एका वेळी एकाच गटाला हात लावायचा आणि त्याला सावरायला अर्धा तास देऊन मगच पुढच्या गटाकडे जायचे, असा नेम असतो. हाच नियम शहरांच्या पातळीवरही लागू होतो. अझूरने पुण्याच्या केंद्राची जोडी चेन्नईच्या केंद्राशी लावली आहे आणि नियोजित बदल जोडीतल्या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी न करण्याचे धोरण ठेवले आहे. मुंबईकराला हे तत्त्व रविवारच्या मेगाब्लॉकमुळे पाठ आहे. माटुंगा ते मुलुंड जलद मार्गावर काम असेल तेव्हा गाड्या धीम्या मार्गावरून जातात, दोन्ही मार्ग एकदम बंद होत नाहीत, आणि वेळापत्रक आधीच जाहीर होते. प्रवासी कुरकुरतो, पण घरून निघताना वेळेचा हिशेब करून निघतो. सोमवारी सकाळी पावणेनऊला रूळ तुटण्यापेक्षा रविवारी पाच तासांचा ब्लॉक परवडतो, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

वरच्या मजल्यावर मात्र हे शहाणपण अजून पुरते पोहोचलेले नाही. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजच्या सुरक्षा दुरुस्त्या, म्हणजे पॅच, प्रसिद्ध करते. तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. म्हणजे भारतातल्या व्यवस्थापकासमोर हा प्रश्न बुधवारी सकाळी येतो. पॅच बाहेर पडला की दोन शर्यती एकदम सुरू होतात. एकीकडे तो लावणारे असतात. दुसरीकडे पॅच उलगडून, त्याने कोणते भोक बुजवले ते हुडकून, अजून ते न बुजवलेल्यांवर चालून जाणारे असतात. उशिराची किंमत काय असते, याचे दाखले २०१७ या एका वर्षाने पुरेसे दिले. विंडोजमधला एक गंभीर दोष दुरुस्त करणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिला. त्याच दोषाचा फायदा घेणारा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस १२ मे रोजी जगभर पसरला. मध्ये जवळजवळ दोन महिने गेले होते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेला त्याचा मोठा फटका बसला. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८१ रुग्णालय-संस्थांच्या कामावर परिणाम झाला आणि रुग्णांच्या जवळपास सात हजार भेटी रद्द झाल्याची नोंद झाली. पॅच लावा, अशी सूचना मार्च आणि एप्रिलमध्ये गेलेली होती.

त्याच वर्षीची एक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीची गोष्ट आणखी बारकाईने पाहण्यासारखी आहे. अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधला दोष आणि त्याचा पॅच ७ मार्चला जाहीर झाला. दोन दिवसांत कंपनीच्या अंतर्गत ईमेलमधून ४८ तासांत पॅच लावण्याचा आदेशही निघाला. तरी एका वेबसाइटवर तो लागला नाही, तपासणीतही ती सुटली, आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत चोर आत वावरत राहिले. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. इथे ज्ञान, आदेश आणि मुदत तिन्ही होते. नव्हती ती आपल्याकडे नेमकी कोणती मशीन्स आहेत याची यादी, प्रत्येक मशीनची ठरलेली वेळ, आणि काम झाले का हे वेगळ्या नजरेने तपासणारा माणूस. मेंटेनन्स विंडो म्हणजे हीच शिस्त कागदावर आणणे. अमुक मशीन्स दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी रात्री एक ते तीन या वेळात पॅच होतील, त्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची प्रत, घेतला जाईल, रीबूटनंतर या चार गोष्टी तपासल्या जातील, अडीच वाजेपर्यंत जमले नाही तर मागे फिरायचे आणि तो निर्णय अमुक व्यक्ती घेईल. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असे जिथे लिहिलेले असते, तिथे ती वेळ सहसा येत नाही.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो पोकळ नाही. दुरुस्तीनेच सगळे बंद पडते, त्याचे काय? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. विमानतळ खोळंबले, आपल्याकडेही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने ते अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतले, पण तोवर ज्यांच्यापर्यंत पोहोचले होते ते संगणक सुरूच होत नव्हते. क्लाउडवरच्या मशीनसमोर तर बसून कळ दाबायला माणूसच नसतो. अझूरवर काहींनी पंधरा-पंधरा वेळा रीबूट करून पाहिले, तर कित्येकांना मशीनची डिस्क काढून, ती दुसऱ्या मशीनला जोडून, चुकीची फाइल पुसून परत लावावी लागली. त्याआधी, २ जून २०१९ रोजी, गूगलच्या नेटवर्कचा काही भाग चार तासांहून अधिक काळ कोलमडला. तिथे तर दुरुस्तीचे वेळापत्रक राबवणारी स्वयंचलित यंत्रणाच कारणीभूत होती. एका ठिकाणची कामे थांबवण्याचा आदेश चुकीच्या रचनेमुळे आणि सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे अनेक ठिकाणी एकदम लागू झाला. ही उदाहरणे पाहून कोणी म्हणेल, चालते आहे ते चालू द्या, हात लावू नका.

पण या दोन्ही घटना जवळून पाहिल्या तर त्यांचा धडा वेगळाच निघतो. दोन्हीकडे मूळ चूक छोटी होती. तिचे संकट झाले ते ती एकाच वेळी सगळीकडे पोहोचली म्हणून. ८५ लाखांऐवजी आधी काही हजार संगणकांना ते अपडेट गेले असते, तासभर वाट पाहिली असती, तर ही बातमी पहिल्या पानावर आली नसती. क्राउडस्ट्राइकने नंतर टप्प्याटप्प्याने वितरण करण्याचे आणि ग्राहकाला त्यावर अधिक नियंत्रण देण्याचे जाहीर केले, ती याच उणिवेची कबुली होती. वॉनाक्राय सांगतो की थांबू नका, क्राउडस्ट्राइक सांगतो की घाई करू नका. दोन्ही एकदम कसे पाळायचे? वेग आणि सावधपणा यांत निवड करावी लागते ती सगळी मशीन्स एकच ढीग समजली तर. क्रम लावला की दोन्ही जमतात. पहिल्या दिवशी चाचणीची मशीन्स, दोन दिवसांनी कमी महत्त्वाची, मग मुख्य कामातली निम्मी, आणि आठवडाभरात उरलेली. दोष भयंकर असेल आणि हल्ले सुरू झाले असतील तर आठवड्याचे दोन दिवस किंवा दोन तास करायचे, पण क्रम मोडायचा नाही. वेग म्हणजे पायऱ्या भराभर चढणे. पायऱ्याच गाळणारा पडतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. रात्री करा, कोणाला कळणार नाही, हे उत्तर इतके सवयीचे आहे की त्याची तपासणीच होत नाही. क्राउडस्ट्राइकचे ते अपडेट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटल्यावर गेले. आपल्याकडे तेव्हा शुक्रवारी सकाळचे नऊ वाजून ३९ मिनिटे झाली होती, ऑस्ट्रेलियात दुपार होती. ज्या सेवेचे ग्राहक जगभर आहेत तिला रात्रच नसते. अमेरिकी कंपनीची मशीन्स पुण्यात किंवा ठाण्यात बसून सांभाळणाऱ्या चमूंना हे वेगळे सांगायला नको, त्यांचा दिवस हाच दुसऱ्यांच्या रात्रीचा पहारा असतो. शिवाय रात्री तीन वाजता काम करणारा माणूस दमलेला असतो आणि अडले तर ज्याला विचारायचे तो झोपलेला असतो. केओस मंकी मुद्दाम कामाच्या वेळेत मशीन्स पाडत असे, कारण दुरुस्त करणारे तेव्हा जागेवर असत. म्हणून वेळ ठरवताना एकच प्रश्न पुरत नाही. वापर कधी कमी असतो हे पाहायचे, तसेच मदत कधी हाताशी असते आणि चुकले तर सावरायला किती तास उरतात हेही पाहायचे. एचडीएफसी बँकेने १३ जुलै २०२४ रोजी आपली मुख्य बँकिंग यंत्रणा नव्या मंचावर हलवली, ते काम क्लाउडचे म्हणून नव्हे तर वेळ निवडण्याच्या रीतीसाठी लक्षात घेण्यासारखे आहे. तो महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे शाखांना सुटी. पहाटे तीन ते दुपारी साडेचार अशी साडेतेरा तासांची वेळ आधी जाहीर केली होती, आणि त्यातही यूपीआय नेमके कोणत्या तासांत मिळणार नाही हे वेगळे सांगितले होते. गैरसोय टळली नाही, पण लोकांना आदल्या दिवशी पैसे काढून ठेवता आले.

तिसरा आक्षेप पैशांचा आहे. नेटफ्लिक्सकडे हजारो मशीन्स, त्यांतली वीसबावीस गेली तरी चालते. तालुक्याच्या पतसंस्थेने किंवा एकाच मशीनवर सगळी नोंदणी चालवणाऱ्या रुग्णालयाने काय करावे? इथे थोडे गणित उपयोगी पडते. महिन्याला ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा, ९९.९५ टक्के म्हणजे सुमारे २२ मिनिटे, ९९.९९ टक्के म्हणजे चार मिनिटांपेक्षा किंचित जास्त. शेवटचा आकडा हवा असेल तर एकाहून अधिक मशीन्स आणि वेगवेगळ्या इमारती लागतात, आणि त्याचे भाडे त्याच प्रमाणात वाढते. पण पतसंस्थेला तो आकडा खरेच हवा आहे का? तिचे दार संध्याकाळी बंद होते. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी मशीन अर्धा तास थांबले, आणि तशी पाटी शुक्रवारीच लागली, तर कोणाचे काय अडते? लहान संस्थेकडे पैसा कमी असला तरी एक गोष्ट मोठ्यांपेक्षा जास्त असते, ती म्हणजे खरोखरच रिकामा वेळ. रुग्णालयाला तो नाही, म्हणून त्याने त्या अर्ध्या तासापुरते कागदी नोंदवहीचे काम ठरवून ठेवावे. ती वही चालते की नाही याची परीक्षा नियोजित वेळेत झालेली बरी. अशा संस्थांना बजेटपेक्षा जास्त नडते ते मशीन थांबवण्याचे भय. प्रवेशाचे दिवस, निकाल, मार्चअखेर अशा काळात बदल गोठवणे शहाणपणाचेच आहे, फक्त त्या गोठवण्यालाही शेवटची तारीख हवी आणि तातडीच्या दोषासाठी अपवाद हवा. नाही तर एका हंगामाची सबब दुसऱ्या हंगामापर्यंत पुरते.

तंत्रज्ञान पुढे जाईल आणि हा प्रश्नच उरणार नाही, असेही म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. लिनक्सच्या गाभ्याला चालू असताना पॅच लावण्याच्या पद्धती कित्येक वर्षे वापरात आहेत. अझूरसाठीच्या विंडोज सर्व्हरमध्ये आलेल्या हॉटपॅच सोयीमुळे बहुतेक महिन्यांत रीबूट लागत नाही. पण तीन महिन्यांतून एकदा तिथेही ठरलेला रीबूट येतोच. जीपीयू, म्हणजे मोठ्या गणनेसाठीचे खास प्रोसेसर, जोडलेली मशीन्स न थांबवता दुसऱ्या होस्टवर हलवणे अजून सहज होत नाही, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची कामे नेमकी अशाच मशीन्सवर चालतात. थांबण्याचा काळ घटतो आहे, हे चांगलेच. मात्र तो जितका विरळ होतो तितका त्याचा सराव सुटतो, आणि वर्षातून एकदाच करायचे काम दर वर्षी नव्याने शिकावे लागते.

म्हणून खरा बदल करारांत आणि टेंडरांत व्हायला हवा. पुष्कळ करारांत सेवा किती मिनिटे बंद राहिली यावर दंड असतो, पण ठरवून थांबलेली मिनिटे आणि अचानक पडलेली मिनिटे यांत फरक केलेला नसतो. असा करार करणारी संस्था नकळत कंत्राटदाराला सांगत असते की दुरुस्ती करू नकोस. पॅच लावला तर आज दंड, न लावला तर संकट येईल तेव्हा येईल आणि ते कदाचित पुढच्या कंत्राटदाराच्या काळात येईल. जाहीर करून, ठरल्या वेळात घेतलेला विराम दंडातून वगळावा, आणि दुरुस्ती मुदतीत झाली नाही तर त्याला दंड असावा. एवढ्या एका कलमाने माणसांच्या सवयी बदलतील. नागरिकांनीही ‘नियोजित दुरुस्तीसाठी सेवा दोन तास बंद’ ही पाटी पाहून नाक मुरडण्याआधी ती आधी सांगितली होती का आणि सेवा वेळेत परत आली का, हे पाहावे. आणि जो अधिकारी, संचालक किंवा विश्वस्त आपल्या संस्थेच्या मशीन्सबद्दल ‘सगळे सुरळीत आहे ना?’ एवढेच विचारतो, त्याने त्याऐवजी विचारावे की हे मशीन शेवटचे ठरवून कधी बंद केले होते आणि किती मिनिटांत परत आले. तारीख आणि मिनिटे लगेच सांगता आली तर काळजी नाही. ‘कधीच बंद केले नाही’ असे उत्तर आले, तर पहिली मेंटेनन्स विंडो त्याच बैठकीत ठरवून टाकावी.